वीतभरही नाही

मी एक जुने, ठेंगणे रोप आहे. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात, कुमुदिनीबाईंच्या घरी, पुढच्या खोलीच्या खिडकीत मी राहते. माझे वय आता अकरा वर्षांचे आहे आणि उंची विचाराल तर वीतभरही नाही. माझी पाने जाड आणि टोकदार आहेत, गडद हिरव्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचे आडवे पट्टे आहेत. दिसायला मी वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, माझे अर्धे आयुष्य शेजारणीकडे बघून जळण्यातच गेले.

ही शेजारीण म्हणजे दाराजवळच्या तेलाच्या डब्यातली कोरफड. तिच्याबद्दल पुढे सांगतेच, सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

हैदराबादला दरवर्षी जानेवारीत नुमाइश म्हणजे मोठे प्रदर्शन भरते. १९८६ साली नवी नवरी असलेली कुमुदिनी तिथे नवऱ्याबरोबर गेली होती. एका रोपवाल्याकडे मी इवल्याशा कुंडीत बसले होते. तिने मला उचलले तेव्हा तो म्हणाला, "घीक्वार का बच्चा है, बहन. दो साल में घुटने तक आता." घीक्वार म्हणजे कोरफड. त्याला खरेच तसे वाटत होते की माल खपवायचा होता, कोण जाणे. माझ्या जातीला वर्षाला तीन-चार पाने फुटतात आणि पुरे वाढलेले रोप तळहातावर मावते. पण हे तेव्हा कुमुदिनीला माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. मीसुद्धा स्वतःला कोरफडच समजत होते!

घरी आल्यावर तिच्या सासूबाईंनी, रमाबाईंनी, मला हातात घेऊन फिरवून पाहिले. "घरी कोरफड असतानी दुसरी काऊन आनली वं?"

"ही शोभेची हाये, आई. दोन वर्षांत गुडघ्यापर्यंत येते म्हने," कुमुदिनी म्हणाली.

बस्स, नव्या सुनेचा शब्द त्या दिवशी माझ्या मुळांशी बांधला गेला.

दोन वर्षे झाली, तीन झाली. मी दोन बोटे वाढले. आणि ती कोरफड? तिची पाने मनगटाएवढी जाड झाली. कोणाचा हात भाजला की कोरफड, खोकला झाला की कोरफड, केसांना लावायची तर कोरफड. तिची पिल्ले पार नेरडीगोंड्याच्या पाहुण्यांकडे गेली. अमावास्येला तर तिचा थाटच असे. डब्यातले एक मोठे रोप मुळासकट उपटून त्याला हळदीकुंकू लावायचे आणि घराला नजर लागू नये म्हणून काळ्या दोऱ्याने दाराच्या चौकटीवर उलटे टांगायचे. माती नाही, पाणी नाही, तरी ती तिथे महिनोन्महिने हिरवीगार. येणारा-जाणारा मान वर करून तिच्याकडे बघे. माझ्यावर धूळ बसे. माझ्या मनात येई, हिला एकदा तरी कीड लागावी. पण लागली नाही.

शेजारच्या वच्छलाबाई आल्या की हटकून खिडकीपाशी थांबत. "काय वं कुमुद, तुही कोरफड जेवत नाई काय?"

रमाबाई चहा ओतता ओतता म्हणत, "एकेकीच्या हाताले गुणच नसते, वच्छलाबाई."

कुमुदिनी मला पुसून परत ठेवी, पण तिचा चेहरा उतरलेला असे. तो बघून मला वाईट वाटे आणि कोरफडीचा आणखीच राग येई.

पाचव्या वर्षी कुमुदिनीने हट्टाला पेटून मोठी कुंडी आणली. शेणखत भरले, मला त्यात लावले आणि अंगणात उन्हात ठेवले. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. मित्रांनो, मी नको म्हणायला हवे होते. पण समोर कोरफड होती ना! तिच्यापेक्षा मोठे व्हायचे म्हणून मी अधाशासारखे पीत राहिले. अति तिथे माती. आदिलाबादच्या उन्हाने पाने लाल पडली, मग खालून मऊ झाली. कुमुदिनीला वाटले, तहान लागली असेल. तिने आणखी पाणी घातले. एका सकाळी तिने हात लावला तर मी मुळापासून हलले.

"माह्या हातानं काईच वाढत नाई, आई," ती म्हणाली आणि पायरीवर बसून रडली.

रमाबाईंना सुनेचे रडणे बघवले नाही. त्या आपल्या रीतीप्रमाणे म्हणाल्या, "कोरफड उकिरड्यावर टाकत नसतेत. दारावर टांगून देऊ. जगली तं जगली."

त्यांनी मला उपटले. कुजलेली मुळे हातातच गळून पडली. चिखल धुऊन, हळदीकुंकू लावून त्यांनी मला काळ्या दोऱ्याने उलटे टांगले, नेमके त्या शेजारणीच्या बाजूला. ज्या जागेसाठी मी इतकी वर्षे जळले, ती मला मरायला टेकल्यावर मिळाली. आणि तिच्याशेजारी मी लसणाच्या गड्डीएवढे दिसत होते!

पण त्याच जागेने मला वाचवले. चौकटीतला वारा लागून माझी कूज सुकली, पाने पुन्हा टणक झाली. पावसाळा सरता सरता माझ्यातून एक बारीक देठ निघाला आणि वळून आकाशाकडे वर गेला. त्याला नाजूक पांढरी फुले आली. बुडाशी एक पिल्लूही फुटले.

जाळी काढताना रमाबाईंना ते दिसले. "कुमुद, इकडं ये वं. कोरफडीचं फूल पिवळं असते. याचं तं पांढरं हाये. हे काई कोरफड नाई."

"मंग वाढलं काऊन नाई, आई?"

"नाई कसं? फूल आलं, पिल्लू झालं. पिल्लू झालेल्याले लहान म्हनतेत काय? याची वाढ पुरी झाली, बाई. आपूनच कोरफडीचं माप लावून राह्यलो." मग स्टूल तिच्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "तुह्या हातात खोट नव्हती."

कुमुदिनी स्टुलावर चढली आणि तिने स्वतः माझा दोरा सोडला. संक्रांतीच्या सुगडाला खाली भोक पाडून, वाळू आणि मुरूम भरून तिने मला त्यात लावले. तेव्हापासून मी सुखात आहे.

मित्रांनो, रोप घरी आणाल तेव्हा ते मोठेपणी केवढे होते हे आधी विचारा. माती कोरडी झाल्याशिवाय आम्हांला पाणी घालू नका, कडक ऊन दाखवू नका आणि शेजारच्या कुंडीशी आमची उंची लावू नका.

हे सगळे मला पटले आहे. तरी यंदा त्या कोरफडीला कमरेएवढा देठ आला, तेव्हा माझ्या पोटात दुखलेच. खोटे कशाला सांगू? पण आज सकाळी एक नवी भाडेकरीण खिडकीशी आली, तेव्हा रमाबाई मला दाखवून म्हणाल्या, "हे पुरं वाढलेलं झाड हाये, बाई." त्या हे नेहमीपेक्षा मोठ्याने बोलल्या. दारापर्यंत नक्की ऐकू गेले असेल.