राहून गेलेले बटण

मी एक जुने दार आहे. पण मित्रांनो, मला कुठल्या घरात शोधू नका. मी एका माणसाच्या हृदयात राहते.

हृदयात वरच्या बाजूला दोन खोल्या असतात, एक उजवी, एक डावी. त्यांच्या मधल्या भिंतीत मी आहे, पातळ पडद्याचे, एकाच बाजूला उघडणारे. बाळ आईच्या पोटात असते तेव्हा त्याची फुप्फुसे कामाला लागलेली नसतात. आईकडून आलेले ताजे रक्त तेव्हा मीच पलीकडे सोडत असे. माझ्यावाचून त्याचे पान हलत नव्हते. मग बाळ जन्मले, रडले आणि मी मिटले. पुढे मी भिंतीला कायमचे चिकटून जायचे होते. चारांतल्या एका माणसात हे चिकटणे राहून जाते. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. तरी मला मात्र कायम धास्ती वाटत असे.

ते बाळ मोठे होऊन शिंपी झाले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, शेजारीच बसून हाताने बटणांची काजे करीत. छातीच्या फासळ्यांतून मला दोघांचे बोलणे ऐकू येई. मास्तरांना वस्तूंची नावे बदलायची खोड होती. कात्री म्हणजे सुसर, टेप म्हणजे साप, इस्त्री म्हणजे हत्ती. "अगं, हत्ती तापला का?" असे त्यांनी विचारले की गिऱ्हाईक दचके आणि दुकान हसे.

मी मात्र हसत नसे. मास्तर जोराने खोकले किंवा कापडाचा तागा उचलायला वाकले, की मी फडफडून उघडे. रक्तातून चुकून एखादी गाठ आली तर? एरवी ती फुप्फुसात अडकते. पण माझ्यातून निसटली तर सरळ मेंदूकडे जाईल. चौसष्ट वर्षे मी याच काळजीत काढली.

आणि एके दिवशी तसेच झाले. गणवेशांची घाई होती. मास्तर चार दिवस मशीनवरून उठलेच नव्हते. पाय सुजले होते आणि तिथल्या शिरेत रक्त गोठले होते. सकाळी त्यांना खोकला आला, मी उघडले, आणि मोहरीएवढी गाठ माझ्या अंगाला घासून पलीकडे गेली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "ती... बादली दे."

त्यांना कात्री हवी होती. नवी गंमत समजून सगळे हसले. काकूंनी तर खरीखुरी बादली आणून त्यांच्यापुढे ठेवली. मास्तर बादलीकडे नुसते बघत राहिले. रुसले असतील, म्हणाला थोरला मुलगा. पाऊण तास असाच गेला. मग त्यांच्या उजव्या हातातून कापड गळून पडले आणि काकूंना त्यांचे वाकडे झालेले तोंड दिसले.

दवाखान्यात औषधाने गाठ विरघळली. शब्द हळूहळू परत आले, पण उजव्या हाताची दोन बोटे बधिर राहिली. पुन्हा झटका आला तर हातच जाईल, म्हणजे शिवणकाम जाईल, ही भीती घरात येऊन बसली. काकू त्या बादलीकडे बघत नसत.

डॉक्टरीणबाईंनी गुन्हेगार शोधायला घेतला. या वयात कारणे अनेक असतात, म्हणून आधी रक्तदाब, साखर आणि मानेतल्या रक्तवाहिन्या तपासल्या. हृदयाचे ठोके तर कित्येक आठवडे नोंदले. सगळे ठीक निघाले. मग दंडाच्या शिरेतून बारीक बुडबुड्यांचे पाणी सोडून त्यांनी मास्तरांना खोकायला सांगितले. बुडबुडे माझ्यातून पलीकडे गेले आणि मी सोनोग्राफीच्या पडद्यावर पकडले गेले.

थोरला घाबरला. "हृदयाला भोक? या वयात कशाला हात लावायचा?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. हे दार सगळ्याच म्हाताऱ्या माणसांत बंद करत नाहीत, त्या म्हणाल्या. धोकाही थोडा असतो, काही दिवस ठोके चुकू शकतात. पण यांचे दार मोठे आहे आणि दुसरे कारण सापडलेले नाही. जांघेच्या शिरेतून तार नेऊन दोन चकत्यांची जाळी बसवायची, एक अलीकडे, एक पलीकडे.

काकू पुढे झाल्या. "भोक म्हणजे फाटलेलं," त्या म्हणाल्या. "हे काज आहे. बटण लावायचं राहून गेलंय. अहो, लावून घ्या."

मास्तर म्हणाले, "चौसष्ट वर्षं उघड्या बटणानं हिंडलो, आणि एवढ्या गिऱ्हाइकांत कुणी सांगितलं नाही." आणि त्यांनी डाव्या हाताने सही केली.

तार आली आणि माझ्यातून पलीकडे गेली. चकत्या उमलल्या, दोन्हीकडून मला धरले, आणि मी बंद झाले. आता त्यांच्यावर हळूहळू अस्तर चढते आहे. काही महिन्यांत मी नुसती भिंत होईन. त्याआधी तुम्हांला एवढेच सांगायचे आहे: घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द चुकला, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर हसू नका आणि थांबू नका. घड्याळ बघा आणि लगेच दवाखाना गाठा.

मास्तर पुन्हा दुकानात बसतात, पण तासातासाला उठून दोन फेऱ्या मारतात. काल त्यांनी विचारले, "अगं, हत्ती तापला का?"

काकूंची सुई थांबली. "आधी दोन्ही हात वर करा."

त्यांनी दोन्ही हात वर केले. सरळ, सारखे. मग काकू हसल्या.