वाळवी न लागलेलं पुस्तक

धर्माजी सावे सरांची नजर दोन वर्षांपासून उतरत चालली होती, आणि तारापूरच्या त्यांच्या घराची मागची खोली आता भाड्याने द्यायचं ठरलं होतं. त्या खोलीत भिंतभर पुस्तकं होती, सगळी प्रोग्रामिंगची. बोईसर स्टेशनजवळ एका दुकानाच्या माडीवर सरांनी कॉम्प्युटरचा वर्ग काढला, तेव्हापासून जमवलेली. सरांच्या पत्नी आनंदीकाकूंनी रद्दीवाल्याला बोलावलं, तेव्हा सर खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी समिधाला फोन लावला.

"यांना घरं शोधून दे. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

हे शेवटचं वाक्य समिधा चुरीला आठवडाभर पुरलं. सरांच्या पहिल्या तुकडीतली ती एकटी मुलगी. आता ती औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे सगळे कॉम्प्युटर सांभाळत होती. सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी कोण, हा प्रश्न तिच्या मनात कधी आलाच नव्हता. उत्तर ठाऊक असल्यावर प्रश्न कशाला पडेल?

टेम्पोतून खोकी बोईसरला तिच्या घरी आली. पालघरच्या एका कॉलेजात ग्रंथपालांनी पुस्तकं उलटीपालटी करून पाहिली, "हे अभ्यासक्रमात नाही हो आता," म्हणाले आणि सहा ठेवून घेतली. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेची पुस्तकं एका निवृत्त इंजिनिअरांनी नेली. त्यातलं एक उघडून ते तिच्या ओट्यावरच अर्धा तास वाचत बसले. सफाळ्याच्या एका शिक्षकाने शाळेच्या कपाटासाठी खोकंभर मागितली. समिधा दर रविवारी सकाळी सरांना फोन करून कुठलं पुस्तक कुठे गेलं ते सांगायची.

लाल पुठ्ठ्याचं सी भाषेचं पुस्तक मात्र तिने वेगळं काढून ठेवलं होतं. त्यावरच ती शिकली होती.

एका रविवारी सर म्हणाले, "ते लाल पुस्तक सपनाला दे बरं का."

"कोण सपना?"

"सपना वरठा. सालवडला राहते, एका कारखान्यात पॅकिंगला कामाला आहे. माझी नजर अधू झाली तेव्हापासून दर रविवारी येते, मला वाचून दाखवते. वाचता वाचता शिकली."

मागून आनंदीकाकूंचा आवाज आला. "जेवूनच जाते. काय डोकं आहे पोरीचं!"

समिधा वर्षातून एकदा, गुरुपौर्णिमेला पेढे घेऊन जायची. फोन ठेवल्यावर तिने लाल पुस्तक उघडलं. दिलेल्या तारखेला कोणता वार येतो, ते काढायच्या उदाहरणाशेजारी सरांच्या जुन्या, रेखीव अक्षरात तिचा प्रोग्राम उतरवलेला होता. वर लिहिलं होतं, 'समिधाची रीत'. हे पान तिला पाठ होतं. पण त्याखाली आता सरांच्याच वाकड्या, ओळ सोडून गेलेल्या अक्षरात आणखी एक प्रोग्राम होता. 'सपनाची रीत. चार ओळी कमी.'

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात दार लावून घेतलं आणि सपनाचा प्रोग्राम चालवून पाहिला. स्वतःच्या लग्नाची तारीख घातली. मुलीच्या जन्माची घातली. एकोणतीस फेब्रुवारी घातली. लीप वर्षात गफलत होते म्हणून एकोणीसशे साल घातलं, दोन हजार साल घातलं. कुठेतरी चुकेल या आशेने दुपारचा डबासुद्धा तिने उघडला नाही. एकही वार चुकला नाही. चार ओळी खरंच कमी होत्या, आणि त्या कमी करता येतात हे तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तिच्या कानशिलात गरम वाफ भरल्यासारखं झालं.

संध्याकाळी तिने सरांना सांगितलं, "सर, लाल पुस्तक वाळवीने खाल्लं. टाकून दिलं मी."

"बरं," सर म्हणाले.

पुढच्या शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर कारखान्याच्या गणवेशातच एक सडपातळ मुलगी तिच्या दारात उभी राहिली.

"मी सपना. सर बोलले, तुमच्याकडं अजून पुस्तकं हायत. एखादं मला भेटेल का?"

समिधाने तिला आत घेतलं, पाणी दिलं. सपना खोक्यांपाशी उकिडवी बसली आणि एकेक पुस्तक अलगद उचलू लागली. लाल पुस्तकाचा तिने विषयसुद्धा काढला नाही. तिने विचारलं असतं तर समिधाला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. ती कपाटाशी गेली, पुस्तक काढलं आणि सपनापुढे धरलं.

"वाळवी नव्हती लागली. मला द्यायचं नव्हतं तुला."

सपना उठली. तिचा चेहरा लाल झाला. "सरांशी खोटं बोलल्या तुमी? त्यांना दिसत नाय म्हणून?"

"हो."

"का पण?"

"हेवा वाटला तुझा."

सपना तिच्याकडे बघतच राहिली. "माझा? दोन वर्सं मी ऐकतेय, समिधा असं करायची, समिधाला एकदाच सांगावं लागायचं. कान किटले माझे. त्या चार ओळी कमी करायला तीन महिने झोप नाय आली मला. तुमच्यावर राग काढायचा होता म्हणून केल्या."

सपनाने पुस्तक छातीशी धरलं, आणखी दोन उचलली आणि चहाला न थांबता रिक्षात बसून निघून गेली.

समिधाने लगेच सरांना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं.

"वाळवी असती तर आनंदीने आधी घर डोक्यावर घेतलं असतं," सर म्हणाले. "मला कळलं होतं. वाईट वाटलं."

"चुकले, सर."

"हं."

आता फोन ठेवावा हे तिला कळत होतं. तरी तिच्याने राहवलं नाही. "सर, एक विचारू? आम्हा दोघींत हुशार कोण?"

"सपना," सर म्हणाले. क्षणभरही थांबले नाहीत.

"हो," समिधा म्हणाली, "मलाही तसंच वाटतं." आणि हे बोलतानाही तिला आत कुठेतरी चरचरत होतंच.