शंभरातले एकोणीस

एकतीस ऑक्टोबरला माझ्या खोलीबाहेर दोन सांगाडे, एक समुद्री चाचा आणि एक मधमाशी रांगेत उभी होती. सोंगं काढायचं हॅलोविन शुक्रवारी आलं होतं आणि आगाऊ अर्जांची मुदत शनिवारी संपत होती, त्यामुळे सगळी भुतं माझ्याच मानगुटीवर. न्यू जर्सीतल्या या शाळेत मी सव्वीस वर्षं कॉलेज सल्लागार आहे. पोरं मला मिस क्विगली म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

आगाऊ अर्ज म्हणजे एकाच विद्यापीठाला सगळ्यांच्या आधी अर्ज करायचा आणि त्यांनी घेतलं तर तिथेच जायचं, अशी लेखी हमी द्यायची. हमीवर तीन सह्या: मुलाची, आईची किंवा बापाची, आणि माझी. बदल्यात प्रवेशाची शक्यता वाढते. आमच्या गावात किराणा घेतानाही लोक हे आकडे घोकत असतात. हॅलडेन विद्यापीठ आगाऊ अर्जवाल्यांपैकी शंभरातले एकोणीस घेतं, नेहमीच्या रांगेतले फक्त चार. ब्राइसवेलचे सतरा आणि पाच. त्या एकोणिसांत होड्या वल्हवायला घेतलेले खेळाडू किती आणि माजी विद्यार्थ्यांची लेकरं किती, हे कोणी विचारत नाही. मी सांगायला गेले की मीच अपशकुनी.

मधमाशी म्हणजे मारेन ओस्टरहाउट. सतरा वर्षांची, अबोल, गणितात हुशार. ती आत आली तेव्हा मी तिचंच पान उघडून बसले होते आणि माझं डोकं तापलं होतं. तिच्या नावावर दोन हमीपत्रं होती. हॅलडेनच्या हमीवर बापाची सही, ब्राइसवेलच्या हमीवर आईची. दोन्हींवर मारेनची.

"हे काय आहे?" मी म्हटलं. "दोघांना लग्नाचं वचन दिलंस होय?"

"आईने तिच्या घरी फॉर्म पुढे केला. बाबाने त्याच्या घरी." तिच्या डोक्यावरच्या, मधमाशीच्या मिशांच्या तारा थरथरत होत्या. "दोघांनी विचारलं, खूश आहेस ना? मी हो म्हटलं."

"दोघांनाही?"

"दोघंही एवढे आनंदात होते, मिस."

आईबाप वेगळे होऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत ते एका खोलीत आले नव्हते. पालकसभेलासुद्धा मला दोन वेळा ठेवाव्या लागायच्या.

"तुला स्वतःला कुठे जायचंय?"

"आता मला ते कळतच नाही. हॅलडेन म्हटलं की आईचा पडलेला चेहरा दिसतो, ब्राइसवेल म्हटलं की बाबाचा."

"मी दोन्हींवर सही करणार नाही. ती लबाडी होईल. चारला मी संगणक बंद करते. तोवर एक नाव सांग."

ती गेली आणि मला काही सुचेना. सांगाड्याचा निबंध तपासला, चाच्याला दोनदा तेच विचारलं, तीनदा दार उघडून कॉरिडॉर पाहिला. चारला पाच कमी असताना ती आली. तारा काढून हातात धरल्या होत्या.

"एकावरही करू नका," ती म्हणाली.

"अगं, अक्कल गहाण टाकलीस का? एकोणिसांवरून चारावर येशील!"

"माहितीये."

"सोमवारपर्यंत आईबाबांना तूच सांगायचंस. तू. मी नाही."

"सांगते."

मी सही केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम मी अर्धवट सोडून घरी गेले, आणि शनिवार-रविवार मला गोड लागले नाहीत. सोमवारी मारेन दिसली. मान खाली घालून निघून गेली. मंगळवारी तेच. पुढच्या आठवड्यात मी तिला जिन्यावर गाठलं. "सांगितलंस?" "सांगणारेय, मिस." फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे. मीच फोन करावा असं रोज वाटायचं आणि रोज मी तो उचलून खाली ठेवायचे.

सतरा नोव्हेंबरला दोन्ही विद्यापीठांची पत्रं एकाच सकाळी ईमेलने पोहोचली, ब्राइसवेलचं आईला, हॅलडेनचं बापाला. शाळेच्या सल्लागाराची सही नाही, सबब अर्ज नेहमीच्या रांगेत टाकला आहे. दहा वाजता मारेनची आई, लॉरेटा, माझ्या दारात होती. दहा वाजून पाच मिनिटांनी बाप, डर्क, तिच्या मागे. मारेनला वर्गातून बोलावलं होतं; ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"ब्राइसवेलच्या हमीवर सही का नाही?" लॉरेटा म्हणाली.

"ब्राइसवेल?" डर्क म्हणाला. "हॅलडेन म्हण."

"तू पोरीला हॅलडेनची हमी द्यायला लावलीस? माझ्या पाठीमागे?"

"आणि तू काय माझ्या पुढ्यात केलंस?"

मग जे सुरू झालं ते साऱ्या मजल्याने ऐकलं असेल. सहा वर्षांचं सगळं बाहेर आलं. कुत्रं कोणाकडे राहिलं, तेसुद्धा. आणि मग एकदम दोघं थांबले. एकच गोष्ट दोघांच्या एकाच वेळी लक्षात आली होती. ते मारेनकडे वळले.

"म्हणजे तू दोन्हींवर सही केलीस?" आई हळू आवाजात म्हणाली.

मारेन भिंतीला आणखी चिकटली. मी तिला ओरडणाऱ्यांसमोर तग धरताना पाहिलं होतं. या हळू आवाजासमोर ती उभी राहू शकणार नव्हती. मला तिचा राग आला होता, तिने मला दोन आठवडे टांगून ठेवलं होतं. तरीही मी बोलले.

"मी सांगितलं होतं तिला. दोन्ही भरून ठेव, मी शेवटी बघते म्हटलं. आणि मग हॅलोविनच्या गडबडीत विसरले. दोन्ही विसरले."

"विसरलात?" डर्क म्हणाला.

"विसरले."

"सव्वीस वर्षं हे काम करता ना तुम्ही?" लॉरेटा म्हणाली. "माझ्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे हा, बाई!"

"आमच्या मुलीच्या," डर्क म्हणाला, आणि तिने मान डोलावली.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि ते वांगं मी. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करायची असं ठरलं, तिथेच, माझ्याच खोलीत. माझ्याकडे पाहुण्यांसाठी एकच बाक आहे. सहा वर्षांनी दोघं त्यावर शेजारीशेजारी बसले. ती लिहू लागली, तो सांगू लागला.

"बेजबाबदार, असं लिही."

"निष्काळजी जास्त लागेल."

"मग दोन्ही लिही."

मला झोंबलं. इतकी वर्षं एक कागद चुकला नाही माझ्या हातून, आणि आता हे मुख्याध्यापकांच्या फायलीत राहणार होतं. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. मी मारेनकडे पाहिलं, निदान आता ती तोंड उघडेल म्हणून.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती बाकाकडे बघत होती. मग तिथे गेली आणि उभी राहिली. आई सरकली, बाप दुसरीकडे सरकला, आणि ती त्यांच्या मध्ये बसली.

"आज काही खाल्लंस का?" बापाने विचारलं.

"तिला सकाळी भूक नसते, माहितीये ना तुला," आई लिहिता लिहिता म्हणाली.

"माहितीये."

कागद संपत आला. लॉरेटाने पेनाचं टोपण लावलं. डर्क गुडघ्यांवर हात टेकून उठू लागला.

"अजून एक आहे," मारेन घाईने म्हणाली. "माझं शिफारसपत्रही मिस क्विगलींनी उशिरा पाठवलं."

ते पत्र मी मुदतीच्या नऊ दिवस आधी पाठवलं होतं. डर्क परत खाली बसला. लॉरेटाने टोपण काढलं, नवं पान घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"खरंय का हे?"

"हो," मी म्हटलं. "तेही खरंय. सविस्तर लिहा."