पाठीवरचा ‘तपासले’ शिक्का

मित्रांनो, जवळ येण्याआधी जरा हात दाखवा. पालथे नकोत, उताणे. तळव्यावर काही लिहिलेले नाही ना? बाह्याही वर करा. ठीक आहे, आता बसा.

मी एक जुना नकाशा आहे. हायस्कूलच्या इतिहासाच्या वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. वर एक लाकडी दांडी, खाली एक, आणि मध्ये कापडावर चिकटवलेला मी. माझ्यावर एक जुने राज्य आहे. त्याचा मुलूख हिरवा, शेजाऱ्यांचा गुलाबी. सैन्याच्या वाटा तांबड्या बाणांनी दाखवल्या आहेत आणि जिथे लढाई झाली तिथे दोन तलवारी काढल्या आहेत. एवढा पसारा अंगावर वागवतो, पण माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

हा स्वभाव मला जन्मापासूनचा आहे. छापखान्यात एकेक रंग माझ्या अंगावर चढला आणि मग मी एका तपासनिसाच्या टेबलावर आलो. त्या माणसाला सगळ्याच गोष्टींत काळेबेरे दिसायचे. माझ्या आधीचा नकाशा त्याने नुसता बाजूला भिरकावला, कारण एका डोंगराचे नाव डोंगरापासून जरा लांब पडले होते. माझ्यावरून त्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भिंग फिरवले. मी श्वास रोखून पडून होतो. शेवटी त्याने मला उलटे केले आणि पाठीवर जांभळा शिक्का मारला: ‘तपासले’. त्या दिवसापासून माझी पक्की समजूत झाली की तपासायचे ते दुसऱ्यांना, आपले एकदा तपासून झाले आहे.

वर्गात आल्यावर तर माझा स्वभाव आणखीच पक्का झाला. फळ्याशेजारून सगळा वर्ग दिसतो, आणि मुलांना वाटते नकाशाला डोळे नसतात. पट्टीच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठ्या मी पाहिल्या. पाणी प्यायला जातो म्हणून गेलेला आणि पुस्तक वाचून आलेला पाहिला. एका पठ्ठ्याने तर माझ्याच समुद्रात बारीक पेन्सिलीने सनावळ्या लिहून ठेवल्या होत्या. लांबून त्या लाटांसारख्या दिसायच्या. त्याची चोरी पकडली गेली आणि तेव्हापासून चाचणीच्या दिवशी मला भिंतीकडे तोंड करून टांगू लागले. मला अपमान वाटला नाही. मुलांना माझा शिक्का दिसतो आहे याचा आनंदच होता.

इतिहासाच्या बाई आणि मी, आमचे चांगले जमायचे. बाईंच्या चपलांचा आवाज येत नसे. त्या कधी कुणाच्या मागे येऊन उभ्या राहतील याचा नेम नव्हता. गृहपाठाचे त्यांचे कायदे कडक होते. ज्याचा गृहपाठ झालेला नाही, त्याने त्या तासाला हात वर करायचा नाही. आधी गृहपाठ, मग प्रश्न. आणि कॉपी ओळखायची त्यांची एक खूण होती, ती त्या नव्या शिक्षकांनाही सांगायच्या. बरोबर उत्तर दहा जणांचे सारखे येऊ शकते. चूक सारखी आली की समजायचे, कुणीतरी मान वाकडी केली आहे. मला ही खूण फारच आवडली होती.

माझ्यावर सगळ्यात जास्त छड्या कुठे बसल्या असतील, सांगा पाहू? पूर्वेकडून आलेल्या सैन्याने जो किल्ला जिंकला, त्या किल्ल्यावर. दर वर्षी प्रत्येक तुकडीला तो धडा असतो, आणि प्रत्येक शिक्षक छडीचे टोक तिथेच आपटतो. आपटून आपटून तिथला कागद झिजला, मग कापड विरले, आणि किल्ल्याच्या जागी चक्क भोक पडले. मागच्या सुट्टीत चित्रकलेच्या सरांनी मागून कापडाचा तुकडा लावला, पुढून कागद चिकटवला आणि किल्ला, नदी, बाण सगळे पुन्हा रंगवून दिले. सर स्वतःवरच खूश होते. नदीला जरा वळण दिले की कशी जिवंत वाटते, असे ते शिपायाला म्हणत होते. ओल्या ब्रशचा गारवा मला बरा वाटला. मी पुन्हा धडधाकट झालो, एवढेच मला कळले. आपले तोंड आपल्याला दिसत नाही, हे कुणाच्या लक्षात राहते?

शाळा सुरू झाली आणि माझी नजर मागच्या बाकावरच्या एका मुलीवर गेली. वर्ग तिला घुमी म्हणायचा, कारण ती तोंडातून शब्द काढत नसे. मला गप्प मुलांचा आधी संशय येतो. बडबड्यांच्या लबाड्या त्यांच्याच तोंडून बाहेर पडतात, गप्प राहणाऱ्यांच्या आतच राहतात. घुमीचा गृहपाठ कधी पूर्ण नसायचा. आई घरी लोकांचे कपडे शिवायची, दोन धाकटी भावंडे होती, आणि एकाच खोलीत मशीन, चूल आणि अभ्यास असे सगळे चालायचे. ही कारणे बाईंना माहीत होती. पण कारणे काय, सगळ्यांकडेच असतात, असे बाईंचे मत होते आणि माझेही.

पहिल्या दोन चाचण्यांत घुमी नापास झाली. बाईंनी तिला टेबलापाशी बोलावून शांतपणे सांगितले की तिसरीही गेली तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. ती मान खाली घालून जागेवर गेली. वर्ष वाया गेले तर शाळा सोडून आईच्या शेजारी दुसऱ्या मशीनवर बसायचे, असे घरी ठरले आहे, हे तिने शेजारच्या मुलीला सांगितले. मी ऐकले. मला वाईट वाटले, पण त्याहून जास्त मी सावध झालो. गरज पडली की माणूस काय वाटेल ते करतो.

आणि झालेही तसेच. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला की घुमी माझ्यासमोर येऊन उभी राहू लागली. रोज. तांबड्या बाणावरून बोट फिरवायची, किल्ल्यापाशी थांबायची, मागे जायची, पुन्हा यायची. ठिगळाच्या कडेवर तिचे नख लागायचे. कधी कडेला नाक लावून बघायची. माझ्या मनात पाल चुकचुकली. ही चिठ्ठी दडवायला जागा शोधते आहे, यात मला शंकाच उरली नाही. मला ओरडता आले असते तर मी बाईंना हाक मारली असती.

त्या किल्ल्याचा धडा बाईंनी घाईत उरकला होता. तास संपत आला तेव्हा त्या फळ्याकडे पाठ आणि वर्गाकडे तोंड करून उभ्या होत्या. हात मागे नेऊन त्यांनी छडी नेहमीच्या जागी टेकवली. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना मागे वळायची गरजच नव्हती. उरलेले घरी वाचा आणि नकाशा काढून आणा, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गृहपाठ गोळा झाला. वर्गात एक हुशार मुलगा होता, त्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे. त्याने माझ्यासमोर बसून नकाशा काढला होता. बाकी बहुतेकांनी गाइडावर पातळ कागद ठेवून गिरवला होता. बाईंनी प्रोफेसरच्या नकाशावर न बघताच बरोबरची खूण केली. त्याचे कधी चुकत नाही, असा त्यांचा विश्वास होता. संशय त्या मागच्या बाकांसाठी राखून ठेवायच्या.

तिसऱ्या चाचणीत प्रश्न आला: सैन्य तोफांसह एका रात्रीत किल्ल्यापर्यंत का पोहोचू शकले? मी तेव्हा भिंतीकडे तोंड करून टांगलेला होतो. समोर नुसता चुना. मागे पेनांची कुरकुर ऐकू येत होती. घुमी प्रोफेसरच्या मागच्या बाकावर बसली आहे, एवढे मला माहीत होते आणि तेवढे मला पुरेसे होते.

पेपर तपासताना बाई एकदम थांबल्या. जवळजवळ सगळ्या वर्गाने लिहिले होते की वाटेत सपाट मैदान होते, नदी किंवा डोंगर आडवा नव्हता. गाइडातले वाक्य, स्वल्पविरामासकट. ते बाईंना खटकले नाही, कारण ते बरोबर होते. फक्त दोघांनी लिहिले होते की सैन्याने उथळ जागी नदी ओलांडली. एक प्रोफेसर आणि दुसरी घुमी. चूक सारखी. बाईंची खूण तंतोतंत जुळली. प्रोफेसरला विचारले, तर तो म्हणाला की मी कुणाला पेपर दाखवला नाही. त्याला सोडून दिले. पण त्याने नदी कुठून आणली, हे त्याला कुणीच विचारले नाही. मीही मनात म्हटले, बघा, मी म्हणत होतो ना!

घुमीच्या आईला बोलावणे गेले. शाळा सुटल्यावर आमच्याच वर्गात सगळ्या जमल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका खुर्चीवर, इतिहासाच्या बाई टेबलापाशी, आणि घुमी आईच्या मागे. आईच्या बाहीला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता. बाईंनी दोन्ही पेपर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि सगळे समजावून सांगितले. आईने दोन्ही पेपर निरखून पाहिले.

“तिनं चोरी केली असेल तर मी तिची बाजू घेणार नाही,” आई म्हणाली. “पण तिला विचारलंत का?”

बाईंनी घुमीला पुढे बोलावले आणि ही नदी तू कुठून आणलीस, असे विचारले.

“नकाशातून.”

“नकाशा उलटा टांगलेला होता.”

“आधी बघून ठेवला होता. मधल्या सुट्टीत.”

बाई हसल्या. त्या हसण्यात तिचा खोटेपणा आता उघडा पाडते, असा भाव होता, आणि तेव्हा मीही मनातल्या मनात हसलो. किल्ल्याच्या पूर्वेला नदी नाहीच, ती पश्चिमेला, किल्ल्याच्या मागे आहे, असे त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. पुरावा दाखवायला त्या माझ्यापाशी आल्या, छडी उचलली आणि किल्ल्यावर ठेवली. पण या वेळी त्या माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

छडी तिथेच थांबली. बाईंनी चष्मा सारखा केला आणि जवळ आल्या. मग छडी खाली ठेवून त्यांनी बोट लावले. बोट ठिगळाच्या कडेवरून फिरले आणि मला घुमीचे नख आठवले. त्याच जागी, त्याच वाटेने. नदी वरून येत होती, ठिगळात शिरताच सरांनी दिलेले ते सुंदर वळण घेत होती आणि किल्ल्याच्या पूर्वेने, सैन्याच्या बाणाला आडवी जाऊन खाली पुन्हा आपल्या जागी येत होती. हे बाईंनी पुटपुटत मोठ्या बाईंना सांगितले, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की माझ्या तोंडावर काय आहे.

मित्रांनो, मी आयुष्यभर मुलांच्या मुठी, बाह्या आणि पट्ट्या बघत आलो. संशय घ्यायला मी कुणाला सोडले नाही. एका नकाशाला तेवढे सोडले होते.

इतिहासाच्या बाईंनी कपाटातून गृहपाठाचा गठ्ठा काढला आणि प्रोफेसरचा नकाशा शोधला. त्यातही नदीला तेच वळण होते आणि शेजारी त्यांचीच लाल खूण. त्या खुर्चीवर बसल्या. दोन मुलांनी गाइडातले उतरवले नव्हते, आणि चौकशी झाली होती ती त्यांचीच. बाकीचा वर्ग बरोबर लिहून मोकळा झाला होता.

“मला वाटलंच होतं, बाई,” घुमी हळूच म्हणाली. “मध्ये एवढी नदी असली तर एका रात्रीत तोफा कशा नेतील? आणि तिथं कड पण लागते बोटाला. पण नकाशाच्या पाठीवर ‘तपासले’ असं लिहिलंय. म्हटलं, माझंच चुकत असेल.”

“मग विचारलं का नाहीस मला?”

घुमीने आईकडे पाहिले, मग जमिनीकडे.

“माझा गृहपाठ झालेला नसायचा. गृहपाठ नसला तर हात वर करायचा नाही ना.”

आईने बाहीवरचा दोरा काढून बोटाभोवती गुंडाळला. बाईंनी लाल पेन उघडले, घुमीचा पेपर पुढे ओढला आणि त्या उत्तराला पूर्ण गुण दिले. मग त्या तिला म्हणाल्या, “उद्या तासाला आल्यावर पहिला हात तू वर करायचास. गृहपाठ असो नसो.” त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी त्यांना इतकी वर्षे ओळखतो, मला तो फरक कळला.

घुमी त्या चाचणीत पास झाली, वार्षिक परीक्षेलाही बसली. गृहपाठ तिचा पुढेही कधी कधी राहायचा. पण ती मधल्या सुट्टीत वर्गात बसून तो पुरा करू लागली, आणि अडले की सरळ विचारू लागली. तिला घुमी म्हणणे मुलांना हळूहळू अवघड जाऊ लागले.

चित्रकलेचे सर नदी सुधारायला ब्रश घेऊन आले होते. बाईंनी त्यांना परत पाठवले. आता दर वर्षी नव्या तुकडीला त्या पहिला गृहपाठ देतात तो असा: या नकाशात एक चूक आहे, ती शोधा आणि ती चूक आहे हे तुम्हाला कशावरून कळले ते लिहा. मुले माझ्यासमोर गर्दी करतात. कुणी भिंग आणतो, कुणी वाचनालयातली जुनी पुस्तके. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. माझ्या वयाच्या नकाशाने चार पोरांसमोर चूक म्हणून उभे राहायचे! पण छड्या आपटणाऱ्यांनी कधी पाहिले नव्हते, एवढे निरखून आता मुले माझ्याकडे पाहतात.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. जुन्या वस्तू सांभाळा, असे माझ्यासारखे सगळेच म्हातारे सांगतात. मला सांभाळाच, माझे कापड विरले आहे. पण मी भिंतीवर आहे, छापील आहे आणि माझ्या पाठीवर शिक्का आहे, म्हणून मला सोडू नका. जवळ या, बोट फिरवा. कड लागली तर हात वर करा.

आणि हो, हात आता दाखवले नाहीत तरी चालतील.