चौथ्या खाचेतला आकडा

मी एक फळी बोलतेय. फळीला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. तुमचंही बरोबर आहे. माझ्या जातीच्या बहुतेक जणींचा जन्म डबे-बरण्या अंगावर घेण्यात जातो. पण माझ्यावर एकदा हेरगिरीचा आरोप आला होता. माझ्यापायी एक भला माणूस फासावर जायचा, तो थोडक्यात वाचला. तेव्हा दोन घटका माझंही ऐका.

मला घडवलं एका तरुण सुताराने. त्याचा एक पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे चालताना तो एका अंगाला झुकायचा. काम करताना ओठांत खिळे धरायची त्याला सवय होती. तोंडात खिळे असल्यावर माणूस बोलणार काय? हळूहळू खिळे नसतानाही तो बोलेनासा झाला. लोक त्याला ‘मुके मिस्त्री’ म्हणत.

त्याने मला रंधा मारला, पॉलिश केलं आणि माझ्या अंगावर चार आडव्या खाचा पाडल्या. मग पातळ लाकडाचे लहान लहान चौकोन कापून त्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे काढले. माझं काम सोपं होतं. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत कोणती गीतं गायची, त्यांचे आकडे माझ्या खाचांत लावायचे. लोकांनी आत येताना माझ्याकडे बघायचं आणि पुस्तकाचं पान काढून ठेवायचं. शनिवारी दुपारी मिस्त्री यायचा, माझी धूळ पुसायचा आणि पाळकांच्या चिठ्ठीप्रमाणे आकडे बसवायचा. चार खाचा, चार गीतं. माझं दात भरलेलं तोंड मला फार आवडायचं.

मग युद्ध आलं.

गावाबाहेर दारूगोळ्याचं कोठार उभं राहिलं. तरणी मुलं आघाडीवर गेली. पायामुळे मिस्त्रीला घेतलं नाही. तो कोठारात दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या ठोकू लागला. रस्त्यात बायका टोमणे मारायच्या, “पाय आखूड झाला हे एकेकाचं नशीबच म्हणायचं!” तो मान खाली घालून पुढे जायचा.

चर्चमध्ये पायपेटी वाजवणारी एक मुलगी होती. मुलगी कसली, विधवा होती ती. लग्नाला सात महिने झाले होते आणि युद्धाच्या पहिल्याच वर्षी नवरा कामी आला. ती सासूजवळ राहायची. सासू पहिल्या बाकावर बसायची. ताठ पाठ, काळी शाल, आणि नजर अशी की पाळकसुद्धा प्रवचन दोन मिनिटं आधी आटोपायचे.

युद्धात कागदाचा तुटवडा पडला. गीतांची जुनी जाडजूड पुस्तकं लगद्यासाठी सरकारजमा करावीत, असा हुकूम निघाला. बदल्यात तीनशे ऐंशी गीतांचं बारीकसं नवं पुस्तक आलं. जुन्यातली शे-दीडशे गीतं गळाली आणि राहिलेल्यांचे आकडे बदलले. दिवेबंदीमुळे उपासनाही आखूड झाली, चाराऐवजी तीनच गीतं. माझी चौथी खाच रिकामी पडली.

आता ऐका, चूक कशी झाली ती. पहिल्या शनिवारी पाळकांची चिठ्ठी संपली, तरी मिस्त्रीचा हात थांबला नाही. चार खाचा भरायची त्याच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय. त्याने आपसूक चौथा आकडाही बसवला, आणि तोही जुन्या पुस्तकातला. त्याचं पुस्तक लगद्यात गेलं होतं, पण सगळे जुने आकडे त्याला तोंडपाठ होते.

रविवारी तो आकडा कोणी गायला नाही. नव्या पुस्तकात तो नव्हताच. लोकांना वाटलं, मिस्त्रीचं डोकं ठिकाणावर नाही. पण उपासना संपून लोक पांगल्यावर पायपेटीवरून तेच जुनं गीत वाजलं. बाकं सरळ करणारा मिस्त्री तिथेच थबकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पायपेटीकडे. तिने वर पाहिलं नाही. नुसते पाय हलत होते आणि कान लाल झाले होते.

पुढच्या शनिवारी त्याने चौथा आकडा मुद्दाम लावला.

असं किती रविवार चाललं! तो एक गीत लावायचा. ती ते वाजवायची आणि मग उत्तर म्हणून आपल्या मनाने दुसरं एक वाजवायची. दोघांत एका शब्दाचं बोलणं नाही. सासू तेवढी गुडघे धरून बाकावर बसून राहायची. “तू वाजव गं. माझे गुडघे आखडलेत, जरा दमाने उठते,” म्हणायची. जुन्या पुस्तकाची एक प्रत पायपेटीच्या स्टुलाच्या खणात होती. ती होती सासूचीच, तिच्या लग्नातली. हुकूम मोडून सुनेने ती लपवून ठेवली होती. सासूला ठाऊक नाही, असा तिचा समज.

शेवटच्या बाकावर मात्र आणखी एक जण बसायचा. कोठाराचा सुरक्षा अधिकारी. उंच, सडपातळ, खिशात छोटी वही. न गायलेला आकडा त्याच्या डोळ्यांत खुपू लागला. पाच रविवार त्याने तो वहीत टिपून घेतला. तिसऱ्या रविवारी माझ्यावर होता ४१५. त्याच आठवड्यात दारूगोळ्याची एक गाडी पुलावर उडवली गेली. त्या गाडीत पेट्या किती होत्या? नेमक्या चारशे पंधरा! आणि त्या ठोकल्या कोणी? मिस्त्रीने.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

पाचव्या रविवारी माझ्यावर ४३७ होता. शेवटची प्रार्थना संपते न संपते तोच दोन शिपाई आत आले. एकाने मिस्त्रीचा दंड धरला, दुसऱ्याने मला भिंतीवरून असं ओढून उतरवलं की माझा कोपराच मोडला. पायपेटी त्या दिवशी वाजलीच नाही.

कचेरीत माझ्या पाठीला गोंदाने एक चिठ्ठी चिकटवली: ‘पुरावा’. मला टेबलासमोर भिंतीला टेकवून उभं केलं. कोपऱ्यात एक कारकून टंकलेखन यंत्र बडवत बसला होता. मिस्त्रीला रोज आणायचे.

“हे आकडे कोणासाठी?” अधिकारी विचारायचा.

मिस्त्री गप्प.

“अरे, तोंडात खिळे आहेत का तुझ्या?”

“नाहीत साहेब.”

“मग बोल. पुस्तकात गीतं तीनशे ऐंशी आणि तू लावतोस चारशे पंधरा. ही कुठली भक्ती?”

तो नुसता माझ्याकडे बघायचा. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. बोलला असता तर तो सुटला असता. पण तिचं नाव चव्हाट्यावर आलं असतं, सासूने तिला घराबाहेर काढलं असतं. म्हणून त्याने ओठ शिवून घेतले होते. त्याला लष्करी कोर्टापुढे उभं करायचं ठरलं. त्या कोर्टातून हेर म्हणून गेलेला माणूस परत येत नसे.

आठव्या दिवशी ती एकटीच आली. धापा टाकत होती.

“साहेब, ती जुन्या पुस्तकातली गीतं आहेत. ती हे माझ्यासाठी लावायचे.”

अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या. “पुस्तक दाखवा.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “स्टुलाच्या खणात होतं. पण आता... आता नाहीये.”

“वा! सोयीस्कर आहे.” तो मिस्त्रीकडे वळला. “काय रे, या बाई म्हणतात ते खरं?”

“मी यांना ओळखत नाही,” मिस्त्री म्हणाला. इतक्या सफाईने खोटं बोललेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. तो ते वाक्य बोलला आणि माझ्याकडे बघत राहिला, तिच्याकडे नाही.

ती रडत गेली. मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

अकराव्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि आत आली सासू. मागे सून, खाली मान घालून. सासूच्या हातात पिठाने माखलेलं एक फडकं होतं. न विचारता ती खुर्चीत बसली, फडकं सोडलं आणि जुनं जाडजूड पुस्तक टेबलावर आपटलं. पिठाचा ढग उडाला. कारकून शिंकला.

“हे घ्या तुमचं पुस्तक. सरकारजमा केलं नाही, त्याची काय शिक्षा असेल ती मला द्या.”

“आई!” सुनेचे डोळे विस्फारले. “तुमच्याकडे होतं?”

“मग कुठे जाणार? शिपाई चर्चमध्ये शिरले, तू उठून त्यांच्याकडे बघत राहिलीस, तेवढ्यात मी आधी स्टुलाचा खण रिकामा केला. तुला धरतील या भीतीने.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “पण नंतर दिलं नाही, हे खरं. तू इथून रडत आलीस, तेव्हाही ते पिठाच्या डब्याखाली होतं आणि मी त्या डब्याजवळ बसून होते. तीन दिवस बसले. माझा मुलगा गेला, साहेब. त्याची बायको दुसऱ्या कोणाच्या गीताला साथ करते, हे कानांनी ऐकणं वेगळं आणि आपल्या हाताने कबूल करणं वेगळं. देवाशी भांडले. शेवटी लाज मलाच वाटली. एक पोरगा युद्धाने नेला, दुसरा मी पिठाच्या डब्याखाली दाबून मारायला निघाले होते.”

“म्हणजे तुम्हाला सगळं...” सुनेने मान वर केली.

“माझे गुडघे तुझ्यापेक्षा धडधाकट आहेत गं बये! दर रविवारी उगाच का बसून राहायचे मी?”

अधिकाऱ्याने खिशातली वही काढली, पुस्तक उघडलं आणि पहिला आकडा शोधला. सरकारी आवाजात, पंचनामा वाचावा तसा, तो वाचू लागला.

“तीनशे ब्याण्णव. ‘ओझे खाली ठेव जरासे, वाट अजुनी लांब आहे.’”

कारकुनाने ते टंकून घेतलं.

“चारशे दोन. ‘ज्या घरी हा दीप तेवतो, ओढ मजला त्या घराची.’”

टकटक जरा मंदावली.

“चारशे पंधरा.” तो आकडा उच्चारताना अधिकारी क्षणभर थांबला. “‘शब्द नाही मजजवळी, मौन माझे ऐकशील का?’”

मिस्त्रीची हनुवटी छातीला टेकली होती.

“चारशे अठरा. ‘लंगडत आलो तरी आलो, माग तुझा मी सोडला ना.’ चारशे...” अधिकाऱ्याने पान उलटलं. तो आवाज आता पंचनाम्याचा नव्हता. “चारशे सदतीस. ‘दारी तुझ्या उभा मी, थांबू की जाऊ, सांग आता.’”

कारकून टंकायचं विसरून चष्मा पुसत बसला होता.

“देवाला उद्देशून आहेत हो ती,” सासू म्हणाली. “लगेच भलता अर्थ काढू नका.” आणि तिलाच हसू फुटलं. “देवालाही ठाऊक असेल म्हणा, निरोप कुणाचा कुणाला ते.”

अधिकाऱ्याने पुस्तक मिटलं. वहीतलं पान फाडलं आणि घडी घालून मिस्त्रीपुढे सरकवलं. “हे तुझंच आहे.” मग सुनेकडे बघून, थोडं चाचरत त्याने विचारलं, “शेवटच्या रविवारी आमचे शिपाई मध्येच आले. त्याचं उत्तर राहिलं का?”

तिने टेबलावरचं पुस्तक जवळ ओढून घेतलं. सासू मिस्त्रीवर कडाडली, “आणि तू रे! ‘मी यांना ओळखत नाही’ म्हणे! मरायला निघाला होतास की काय? काढ आता ते तोंडातले खिळे आणि बोल काहीतरी.”

मिस्त्रीने दोनदा ओठ उघडले आणि मिटले. मग तो हळूच म्हणाला, “फळी घरी नेऊ का, साहेब? कोपरा जरा मोडलाय तिचा.”

हसण्याने कचेरी दुमदुमली. मी मात्र हसले नाही. मला आतून इतकं हलकं वाटत होतं, की भिंतीवरून घसरून पडेन अशी भीती वाटली.

गाडीची बातमी स्टेशनवरच्याच एका फितूर माणसाने फोडली होती, हे पुढे महिनाभराने उघड झालं.

सुटका झाली त्याच शनिवारी मिस्त्रीने कोपरा सांधून मला पुन्हा भिंतीवर टांगलं आणि चिठ्ठी बघून तीन आकडे लावले. चौथ्या खाचेपाशी त्याचा हात थांबला. ती खाच तशीच ठेवून तो शिडीवरून उतरला. तेवढ्यात ती आत आली. आजवर माझ्या खाचांना त्याच्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. ती शिडी चढली, आकड्यांच्या पेटीत शोधाशोध केली आणि एकच चौकोन खाचेत बसवला. ९. जरासा तिरका बसला. त्याने तो सरळ केला नाही.

जुन्या पुस्तकातलं नववं गीत मलाही पाठ आहे: ‘दार माझे उघडे आहे, आत ये तू, भिऊ नको.’

रविवारी उपासनेनंतर ते वाजलं, आणि पहिल्या बाकावरची म्हातारी गुडघे न धरता ताडकन उठून मोठ्यांदा गायला लागली. बेसूर, पण काय गायली!

पुढे त्यांचं लग्न झालं, त्याच चर्चमध्ये, माझ्याच खाली. सासू वराकडून उभी राहायची की वधूकडून, यावर जरा वाद झाला. “मी दोन्हीकडून,” असं म्हणून तिने तो मिटवला. मरेपर्यंत ती त्यांच्याजवळच राहिली.

आता ती सगळी माणसं देवाघरी गेली. चर्चमध्ये मोठा पडदा आला आहे, गीतं त्याच्यावर झळकतात. मी पाळकांच्या खोलीत, दाराआड टांगलेली असते. मागच्या महिन्यात साफसफाई निघाली, तेव्हा कोणीतरी मला सरपणात टाकायला निघालं होतं. पायपेटीवालीची नात तिथे होती. तिने मला उलटी करून पाहिलं आणि धुळीने माखलेल्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मग मला छातीशी धरून ती म्हणाली, “हिला हात लावायचा नाही हं कोणी.”

तेव्हा माझी काळजी करू नका, मी सुखात आहे. एकच मागणं आहे. मला पुन्हा पॉलिश करा, पुन्हा निखळलेला कोपरा सांधा, हवं ते करा. फक्त पाठीवरची ती जुनी चिठ्ठी खरवडू नका. अक्षर पुसट झालंय, पण अजून वाचता येतं. ‘पुरावा’ लिहिलंय तिच्यावर. आणि त्या अधिकाऱ्याने लिहिलं तेव्हा त्याला माहीत नसलं, तरी ते खरंच होतं.