दारात तपासलेलं दप्तर

सकाळपासून घाईबाईचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. घाईबाई हे तिचं वडिलांनी ठेवलेलं नाव. लहानपणी शाळेला निघताना एका पायात मोजा आणि तोंडात घास अशी ती धावायची, तेव्हापासून ते चिकटलं. आता तिचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले होते, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

ती ज्या कंपनीत काम करायची, तिचा एक सर्व्हर होता. त्याचं काम एकच, पण मोठ्या जोखमीचं: हजारो आजारी माणसांच्या फोनवर ठरल्या वेळी निरोप पाठवायचा, की आता अमुक गोळी घ्या. हा प्रोग्रॅम सर्व्हरवर सुटा ठेवत नसत. तो आणि त्याला लागणारं सगळं सामान एका सीलबंद पेटीत भरत, आणि ती पेटी उचलून सर्व्हरवर ठेवत. कामावरचे लोक तिला इमेज म्हणत. पेटीत असेल तेच प्रोग्रॅमला मिळणार. बाहेरून काडीही मागता येणार नाही.

जुनी पेटी म्हणजे अडगळीची खोली होती. सव्वा गिगाबाइट वजन, आणि भरायला बेचाळीस मिनिटं. एक चुकलेला शब्द दुरुस्त करायचा म्हटलं तरी बेचाळीस मिनिटं, आणि मध्येच काही बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून. घाईबाईने तीन आठवडे खपून ते काम दोन भागांत वाटलं. आधी एक मोठी पेटी, तिच्यात सगळी हत्यारं. तिथे प्रोग्रॅम तयार करायचा, तिथेच तपासायचा. मग फक्त तयार माल उचलून दुसऱ्या, छोट्या पेटीत भरायचा. सुतार नाही का, तयार खुर्ची गिऱ्हाईकाकडे पाठवतो, रंधा आणि भुसा दुकानातच ठेवतो. नव्वद मेगाबाइट वजन, सहा मिनिटं वेळ! तीनशे बारा चाचण्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. बरोबर साडेबाराला नवी पेटी सर्व्हरवर चढली.

सगळ्यांनी पाठ थोपटली. साहेब म्हणाले, "आता जरा बस की निवांत."

पण ती बसेना. खुर्चीवरून खिडकीशी, खिडकीपासून पाण्याच्या माठाशी, पुन्हा खुर्चीवर. सर्व्हरची राखण करणारे पहारेकरी काका शेजारच्याच टेबलावर होते. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, उंदीर शिरलाय का खुर्चीत?"

"काका, एवढी हलकी कशी झाली ती पेटी?"

"घ्या! जड होती तेव्हा जड म्हणून रडत होतीस."

"काहीतरी राहिलंय."

"चाचण्या झाल्या ना?"

"झाल्या."

"मग? लग्न लागलं, आता अक्षता काय मोजतेस?"

ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. प्रवासाला निघाल्यावर सामान अपेक्षेपेक्षा हलकं लागलं की माणूस गाडीत बसूनही खिसे चाचपतो, तसं तिचं झालं होतं. तिने सर्व्हरची नोंदवही उघडली. निरोप जात होते, ओळीखाली ओळ सरकत होती. कुठे तक्रार नाही. ती शेवटच्या ओळीवर आली आणि तिचं बोट माऊसवरच थांबलं. ओळीपुढे वेळ होती सात बावन्न.

भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे एक बावीस झाले होते.

कुठल्या गावाचं घड्याळ किती पुढे, किती मागे, याची एक चिमुकली फाइल असते. मोठ्या पेटीत ती आपसूक होती. छोट्या पेटीत भरायची राहून गेली. ती नाही म्हटल्यावर प्रोग्रॅमने निमूटपणे जगाची प्रमाण वेळ धरली होती, म्हणजे इथल्यापेक्षा साडेपाच तास मागची. त्याच्या लेखी अजून सकाळ होती. सकाळच्या गोळ्यांचे निरोप तो दुपारी दुसऱ्यांदा पाठवत होता.

"काका, बंद करा!"

"काय बंद करा?"

"सगळं. सर्व्हर बंद करा. जुनी पेटी चढवा."

"साहेबांना विचारून..."

"काका, माझ्या वडिलांची वेळ सात पन्नासची आहे!"

काकांची बोटं चालू लागली.

तिचे वडील निवृत्त शिक्षक. घरी एकटे. मागच्या थंडीत ते साखरेची गोळी घेतल्याचं विसरले आणि दुसरी घेतली. साखर इतकी उतरली की शेजाऱ्यांनी त्यांना स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेलं पाहिलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर घाईबाईनेच त्यांना दम भरला होता, "बाबा, आता तुमचं डोकं वापरायचं नाही. फोन वाजला की गोळी घ्यायची. का, कशाला, काही विचारायचं नाही. माझी शपथ." आयुष्यभर घंटेवर चाललेला माणूस. त्याने मान डोलावली होती.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. घंटा वाजते आहे, वाजते आहे, आणि उचलत कुणी नाही. तिला ती जमीन दिसायला लागली, त्यावर कलंडलेला पेला. तिसऱ्यांदा लावताना बोट चुकून भलत्याच नंबरवर पडलं. चौथ्यांदा पलीकडून आवाज आला.

"काय गं, आग लागलीय का?"

"बाबा, गोळी घेतलीत?"

"कुठली?"

"आत्ताची! आत्ता फोन वाजला तेव्हा!"

"वाजला खरा. उठलो, गोळ्यांची डबी घेतली. सकाळचा खण उघडला तर रिकामा. तेव्हापासून फोन आतच टाकून दाराशी स्टुलावर बसून विचार करतोय. पाकिटातून नवी काढावी, तर तुझी शपथ राहते. आणि खण म्हणतो, अरे मास्तर, तू घेतलीस. आता खणाचं ऐकू की पोरीचं?"

"मग?"

"मग काय, खणाचं ऐकलं. तू माणूस आहेस, चुकशील. रिकामा खण कसा चुकेल?"

तिला एकदम रडू फुटलं. तोंडावर हात धरून तिने काय घडलं ते सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाचं ऐकावं तसं.

"म्हणजे तपासलंस ते मोठ्या पेटीत, आणि पाठवलीस दुसरीच?"

"हो."

"घाईबाई, तुझं दप्तर मी कुठे तपासायचो?"

टेबलावर पुस्तकं मांडलेली असताना ते कधीच बघत नसत. दप्तर भरून, बंद करून, पाठीवर चढवून ती दारात आली की म्हणत, थांब, उतरव, उघड. तिला भयंकर राग यायचा. टेबलावर सगळं असायचं, आणि दारात वही नेमकी नसायची.

"दारात," ती म्हणाली.

"मग जा, काम कर. बाकीच्यांच्या डबीला खण असतीलच असं नाही."

सर्व्हर थांबला होता. त्या तासात एक्काहत्तर माणसांना चुकीचा निरोप गेला होता. यादी छापून साहेब, काका आणि ती, तिघे फोनला बसले. बहुतेकांनी निरोपाकडे बघितलंच नव्हतं. चौघांनी गोळी घेतली होती. त्यातल्या तिघांना त्यांच्या डॉक्टरांनी घाबरू नका म्हणून सांगितलं. चौथ्या होत्या एक आजी. त्यांना दवाखान्यात नेलं. संध्याकाळी सून म्हणाली, "आता बऱ्या आहेत, पण आम्हाला केवढं घाबरवलंत." घाईबाईने ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने ती चिमुकली फाइल छोट्या पेटीत भरली. पण आधी चाचणी लिहिली. पेटी सीलबंद झाल्यावर, सर्व्हरच्या उंबऱ्यावर ती चालू करायची आणि तिलाच विचारायचं: किती वाजले? एक खोटा रुग्ण, एक खोटी गोळी, निरोप वेळेवर येतो का? कालची पेटी तिने मुद्दाम या चाचणीपुढे उभी केली. लालभडक नापास! मग नवी उभी केली. हिरवी. सहा मिनिटांची आठ झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवी पेटी चढली. सात चाळीसला तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, निरोप आला?"

"अजून दहा मिनिटं आहेत."

"बरं. मी थांबते फोनवर."

"डबी हातात आहे, खण भरलेला आहे. तू चाचणी घेतलीस ना दारात?"

"घेतली. दोनदा."

"मग ठेव फोन."

तिने ठेवला. आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभी राहिली.