कोणी बघत नाहीये

ठरलेलं काहीच नव्हतं, पण ठरवायला म्हणून तिघं निघाली होती. ताईनं जागाही अशी निवडली होती, की नकार द्यायचा झालाच तर निदान सहल तरी पदरात पडावी. एका बाजूला खारफुटीचं जंगल, मध्ये समुद्रानं पोखरलेली गुहा, पलीकडे किनारा, आणि सगळ्याला मिळून तिकीट एकच. फाटकाशी कॅन्टीन होतं. ते दिसताच ताईचे गुडघे दुखायला लागले.

"तुम्ही दोघं या जाऊन. मी बसते इथे," ती म्हणाली आणि बसलीसुद्धा. मग धाकट्या बहिणीच्या कानाशी लागली, "आल्यावर मला काय ते एकदाचं सांग. हो तर हो, नाही तर नाही." ताईची कुजबुज शेजारच्या टेबलालाही ऐकू जाते. चष्मेवाल्यांनी, म्हणजे ताईनं धाकटीसाठी आणलेल्या स्थळानं, ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिकिटं नीट खिशात ठेवली.

धाकटी म्हणजे घरात धाकटी, एरवी पन्नाशी ओलांडलेली. हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे पडदे शिवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यानं आपला आजार तिच्यापासून लपवला, 'तुला उगाच त्रास नको' म्हणून. तिला कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुःख पुढे ओसरलं, राग मात्र तसाच राहिला. त्यामुळे दुसऱ्या लग्नाला तिची एकच अट होती: माणूस कसाही असो, माझ्या भल्यासाठी खोटं बोलणारा नको. ताईनं ही अट पुढे पोचवलीच नव्हती. "असं कोण विचारतं? सगळे म्हणतील, आम्ही नाही त्यातले," असं तिचं म्हणणं.

खारफुटीतून लाकडी पूल जात होता. चष्मेवाले प्रत्येक पाटीशी थांबून ती मोठ्यानं वाचत.

"ही जी चिखलातून वर आलीत ना, ती मुळं. श्वास घेतात म्हणे."

"मला येतं वाचता."

"नाही, तुमचा नंबर मोठा, म्हणून आपलं..."

"चष्मा लावला की दिसतं हो. त्याचसाठी असतो तो. तुमचं तर दुकानच आहे."

चष्मेवाले मनापासून हसले. स्वतःवरचा विनोद माणसाला झेपतो, एवढं तिनं मनात टिपून ठेवलं. पण पुढची पाटी त्यांनी पुन्हा मोठ्यानंच वाचली, तेव्हा तेही टिपलं.

गुहा फक्त ओहोटीला उघडी असायची. खडकांवरून चढून आत गेलं, की अंधार आणि ओल. धाकटीच्या चष्म्यावर वाफ धरली. ती काही म्हणायच्या आत चष्मेवाल्यांनी तो तिच्या नाकावरून अलगद उतरवला. विचारणं नाही, सवरणं नाही. आयुष्य गिऱ्हाइकांचे चष्मे उतरवण्यात गेलेलं, हात आपसूकच गेला असणार. पण एवढ्या वर्षांत तिच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ कोणाचा हात आला नव्हता.

"पुसून देतो," ते म्हणाले. शर्टाच्या टोकानं पुसता पुसता टिक् असा आवाज झाला.

"काय झालं?"

"काच वाचली. स्क्रू गेला."

"गेला म्हणजे कुठे?"

"समुद्रात गेला, असंच समजा."

तेवढ्यात खालून रखवालदाराची शिट्टी वाजली. भरती लागतेय, उतरा! थांबायची सोय नव्हती. चष्म्याशिवाय धाकटीला स्वतःचे पायसुद्धा पुसट दिसत. चष्मेवाले पुढे झाले आणि एकेक खडक सांगू लागले. "इथे पाय. हा निसरडा आहे. आता डावीकडे." आधी ती बसून घसरत उतरली. मग कपडे गुडघ्यापर्यंत खोचून, खडकाकडे तोंड करून, पाय मागे चाचपत, खेकड्यासारखी. अधूनमधून खडकाला शिव्या देत.

"अहो, लोक बघतायत का?"

"छे! कोणी बघत नाहीये."

"मग हसलं कोण?"

"पक्षी असेल."

वाळूवर पोचल्यावर तिनं पर्समधला सुईदोरा काढून दिला. सुई तिच्याकडे कायम असायची. चष्मेवाल्यांनी काच बसवली, स्क्रूच्या भोकातून दोरा ओवून गाठ मारली आणि चष्मा या वेळी तिच्या हातात दिला.

तिनं तो लावला. गुहेसमोरच्या कठड्याला पिवळ्या टोप्या घातलेली एक अख्खी सहल टेकून उभी होती. एकाचा मोबाइल अजून तिच्यावरच रोखलेला. एका आजीबाईंनी तर टाळ्या वाजवल्या.

ताईला काय सांगायचं, ते धाकटीचं ठरलंच.

"खोटं बोललात," ती म्हणाली. "माझ्यासाठीच ना? मला वाईट वाटू नये म्हणून?"

"नाही हो." चष्मेवाले गुडघ्यावरची वाळू झटकत राहिले. "माझ्यासाठी. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जन्मभर चष्मे केले, आणि तुमचाच मोडून बसलो. त्यात ते उंच गृहस्थ दिसतायत ना, ते माझं गिऱ्हाईक. मागच्या महिन्यात नवा चष्मा नेला. त्यांना सगळं स्पष्ट दिसलं असणार."

तिला रागच धरायचा होता. पण त्या उंच गृहस्थांनी नेमका तेव्हाच चष्मा सारखा केला, आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"परत बोलाल असं खोटं?"

चष्मेवाल्यांनी जरा विचार केला. "लाज वाटली तर बोलेन बहुतेक."

पूल ओलांडून दोघं परतली. कॅन्टीनशी आल्यावर ते चहा सांगायला गेले. ताईनं खुर्ची जवळ ओढली.

"काय मग?"

"खोटं बोलतो."

ताईनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! म्हणजे 'नाही' कळवू?"

"'हो' कळव. बोलतो ते स्वतःची अब्रू वाचवायला. तेवढं मला पकडता येतं."

ताईला यातलं 'हो' तेवढं कळलं. तिला तेवढंच हवं होतं. तिचे गुडघेही एकदम बरे झाले, आणि चहाबरोबर काय मिळतंय ते बघायला ती स्वतःच उठून गेली.